जरासा तिरका दात

मंगळवार, ४ तारीख

आज मला बजावण्यात आलं की यातलं एक अक्षरही कुठे लिहायचं नाही. म्हणून घरी येताना वही घेऊन आलो. तीस वर्षांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि आता घडलं तर लिहायचं नाही, हा कुठला न्याय?

सकाळी दुकान उघडलं तर दारात एक बाई उभ्या. बाहेर लख्ख ऊन आणि यांच्या हातात छत्री. आत आल्या, कडी त्यांनीच लावली. पिशवीतून डबी काढली, डबीतून कापूस, कापसातून एक तुटका तुकडा. पुढचे चार दात आणि वर थोडी गुलाबी कड.

"हे काम कुणाचं?" त्यांनी विचारलं.

मी भिंगसुद्धा लावलं नाही. "माझं."

"कशावरून?"

आता हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी कवळ्या बनवतो. डॉक्टर दात काढतो, मी घालतो. शिकाऊ लोक सगळे दात एका रेषेत बसवतात, मग माणूस हसला की कवळी हसल्यासारखी दिसते. म्हणून मी प्रत्येक कवळीत डावीकडचा दुसरा दात जरासा तिरका बसवतो. केसभर, जास्त नाही. तो तिरका असला की बाकीचे सगळे खरे वाटतात. घालणाऱ्यालाही ते कधी कळत नाही. छत्रीवाल्या बाईंना मात्र मी मिनिटभरात सगळं सांगून मोकळा झालो. कौतुकाने कुणी विचारलं की माझं असं होतं.

बाई गुप्तहेर खात्यातल्या. ही कवळी त्यांच्याच एका माणसाची. एकवीस वर्षं इमानेइतबारे काम केलं आणि एका दुपारी जेवायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या खोलीचा पत्ता लागला, तर गडी खिडकीतून पसार. घाईत कवळी पडली ती खात्याच्याच शिपायाच्या बुटाखाली आली.

"अकरा वर्षांपूर्वी त्याने ती तुमच्याकडून करून घेतली होती. चेहरा आठवतो?"

मी म्हटलं, "बाई, चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. माणसाने तोंड उघडलं की ओळखतो."

"उत्तम. दात नाहीत म्हणजे तो कुठेतरी करायला जाणारच. तुमच्याकडे आला तर कळवा."

"सापडला तर काय करणार?"

"एका खोलीत ठेवतील. कायमचं. खोली चांगली आहे. खिडकी नाही."

मी म्हटलं, मग बरंय, धूळ येणार नाही. तर असा मी आजपासून गुप्तहेर. वही दुकानात प्लास्टरच्या गोणीमागे ठेवणार. तिथे कुणाचा बाप शोधणार नाही.

बुधवार, ५ तारीख

आज हेरगिरीला वेळ मिळाला नाही. हिचे मामा आले.

ही म्हणजे माझी बायको. माहेरचं असं तिला कुणी उरलेलं नाही. एक मामा होता, तो ही सोळा वर्षांची असताना जहाजावर नोकरीला गेला. जाताना बंदरावर तिला म्हणाला, परत येईन तेव्हा तुझ्या नवऱ्याची परीक्षा घेईन, नापास झाला तर तुला घरी घेऊन जाईन. चौतीस वर्षं झाली, पत्ता नाही. ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली आहे की मलाच मामा भेटल्यासारखा वाटतो.

आणि आज संध्याकाळी दारात उभे. हातात एकच बॅग, तोंडावर रुमाल. तोंड आलंय म्हणाले, बोलायला त्रास होतो. हिने त्यांना वरपासून खालपर्यंत दोनदा न्याहाळलं. साहजिकच आहे. मग म्हणाली, "या मामा, आत या." एरवी गोष्ट सांगताना मामाला अरे-तुरे करते, आज एकदम अहो-जाहो. इतक्या वर्षांनी संकोच वाटला असेल.

जेवताना त्यांनी फक्त सूप घेतलं. हिने विचारलं, "मामा, आपला कुत्रा आठवतो का हो?"

"न आठवायला काय झालं, पोरी? रात्रभर भुंकायचा."

हिने हातातली पोळी ताटात ठेवली. मग उठली आणि त्यांच्या वाटीत आणखी सूप वाढलं. माझ्या माहितीत हिच्या माहेरी कुत्रा नव्हता. पण मी जावई झालो त्याच्या आधीचा असेल.

शुक्रवार, ७ तारीख

मामा म्हणजे अगदी टापटिपीचा माणूस. दोन दिवसांत घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मी वर्षभर उद्या-उद्या करत होतो. आता कोण कधी आलं-गेलं, कळतच नाही. बसतात नेहमी दाराकडे तोंड करून. खाल्लेली वाटी स्वतः धुतात, पुसतात, जागेवर ठेवतात. खोलीत कुणी राहतंय असं वाटतच नाही. ही मला म्हणाली, शिका जरा.

आज मामांना सगळं सांगितलं. पोटात ठेवून माझं पोट दुखायला लागलं होतं, आणि ते तर घरचेच. तुटकी कवळी, पळालेला माणूस, बिनखिडकीची खोली, सगळं सांगितलं. मामांना जोराचा ठसका लागला. सूप गरम होतं.

ठसका थांबल्यावर म्हणाले, "जावईबापू, हा माणूस आतापर्यंत देश सोडून गेला असेल. मी असतो तर गेलो असतो."

मी म्हटलं, "मामा, तुम्ही साधे. बिनदाताचा माणूस लांब जात नाही."

सोमवार, १० तारीख

आज पहिला पाठलाग. बसथांब्यावर एक म्हातारा तोंडाला रुमाल लावून उभा होता. मामांनी कालच शिकवलं होतं की पाठलाग करताना माणसाकडे बघायचं नाही, दुकानांच्या काचांमध्ये बघायचं. मामांना यातलं बरंच माहीत आहे. जहाजावर वाचायला वेळ मिळत असणार. तर मी काचेत बघत चार गल्ल्या गेलो आणि काचेत बघता बघता त्याच्याच अंगावर जाऊन आदळलो. त्याने मला यथेच्छ शिव्या घातल्या. अठ्ठावीस दात, सगळे स्वतःचे. माफी मागून परत आलो.

मामा हसता हसता खुर्चीवरून पडायचे बाकी होते. हसतानाही तोंडावर रुमाल. ही स्वयंपाकघरातून बघत होती. घरात इतकं हसू कधी ऐकल्याचं मला आठवत नाही.

गुरुवार, १३ तारीख

छत्रीवाल्या बाई आज त्यांच्या साहेबांना घेऊन आल्या. साहेब म्हणजे खात्याचे प्रमुख. दरारा मोठा. पण तोंड उघडलं आणि माझा जीव कासावीस झाला. वरची कवळी कुणीतरी इतकी ढिली केलेली की 'स' म्हटला की शीळ वाजते. "सगळा संशय" म्हणाले तर बाहेरचा कुत्रा वळून बघायला लागला.

मी म्हटलं, साहेब, देशाचं नंतर बघू, आधी तुम्ही खुर्चीत बसा. तोंडात मापाचा लगदा भरला. तो घट्ट व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात माणूस घाबरू नये म्हणून मी गप्पा मारतो. समोरच्याला बोलता येत नसल्यामुळे गप्पा छान होतात. नेहमीप्रमाणे मामांची गोष्ट सांगितली, बंदरापासून सगळी. आणि आता तिला शेवटही आहे: गेल्या आठवड्यात, बुधवारी, मामा परत आले, तोंड आलंय, सूपच पितात.

साहेब एकदम "उं, उं" करायला लागले, हात हलवायला लागले. काहींना ओकारीसारखं होतं. मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला आणि म्हटलं, हलू नका, माप बिघडेल. लगदा काढल्यावर त्यांनी तोंड पुसलं.

"तुमच्या मामांना भेटायला आवडेल," शीळ घालत म्हणाले.

"अहो, घरीच या की चहाला."

शनिवार, १५ तारीख

बाईंचा निरोप आला. तेवीसला, रविवारी, साहेब चहाला येणार. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या माणसाच्या जबड्याचा ठसा माझ्याकडे असेल तर तोही काढून ठेवायचा. असेल म्हणजे काय? मापावरून प्लास्टरचा ठसा ओततो, त्यावर कवळी बेततो, आणि तो ठसा कधी टाकत नाही. भिंतभर फळ्या भरल्यात. नावं नाहीत, फक्त आकडे.

घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं की खात्याचे प्रमुख आपल्या घरी चहाला येणार, खास मामांना भेटायला. हिच्या हातातला चमचा खाली पडला. मामा उठले आणि शांतपणे खोलीत गेले.

पाच मिनिटांनी ही म्हणाली, "अहो, मामांना कवळी करून द्या. रविवारच्या आत."

"कवळी? त्यांचं तर तोंड आलंय ना?"

"त्यांना दात नाहीत. दहा दिवस समोर बसून जेवताय, आणि तीस वर्षं दातांचा धंदा करताय."



सोमवार, १७ तारीख

मामांचं माप घेतलं. लगदा घट्ट होईपर्यंत सवयीने बोलत सुटलो. अर्ध्यात लक्षात आलं की मी मामांनाच मामांची गोष्ट सांगतोय. पण थांबलो नाही. ते इतकं मन लावून ऐकत होते. बंदरावरच्या निरोपापर्यंत आलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लगद्यामुळे होतं तसं.

मंगळवार, १८ तारीख

दुपारी ठसा सोडवला. कडा तासल्या, उन्हात धरला, आणि परत एकदा धरला.

माणसाच्या टाळूवर, म्हणजे तोंडाच्या छतावर, पुढच्या बाजूला वळ्या असतात. दोन माणसांच्या कधी सारख्या नसतात. चेहरा विसरतो मी, टाळू विसरत नाही. ही टाळू मी पाहिली होती. उजवीकडे तीन वळ्या, डावीकडे दोन आणि एक अर्धवट, मध्येच सोडून दिल्यासारखी. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा २३१६ नंबर काढला. दोन्ही ठसे शेजारी ठेवले. हिरड्या झिजल्यात, वळ्या त्याच.

बसलो तिथेच. अकरा वर्षांपूर्वी याच खुर्चीत एक माणूस तोंडात लगदा घेऊन बसला होता आणि मी त्याला माझं सगळं घर उलगडून सांगितलं होतं. बायकोचं नाव, बंदर, मामा जाताना काय म्हणाला ते. त्याला वेगळी हेरगिरी करावी लागलीच नाही.

आधी संताप आला. छत्रीवाल्या बाईंना फोन लावायला उठलो. मग ती खोली आठवली. पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, धूळ येणार नाही. काय माणूस आहे मी.

फोन ठेवला. सगळ्यात मोठा प्रश्न हिचा होता. चौतीस वर्षांनी माहेरचं माणूस मिळालं म्हणून ही खुलली होती. तिला कसं सांगायचं?

घरी गेलो. ही स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, मामा बाजारात गेले होते. मी म्हटलं, "अगं, एक सांगायचंय. जरा बस."

"आमच्याकडे कुत्रा नव्हता," ती म्हणाली. मान वर न करता.

मग मीच बसलो.

"पहिल्याच दिवशी कळलं. आणि खरा मामा गेला, त्याला सतरा वर्षं झाली. जहाज कंपनीचं पत्र आलं होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायलाच दुकानात आले होते, पत्र हातात घेऊन. तुम्ही कुणाच्या तरी तोंडात लगदा घालून मामाचीच गोष्ट सांगत होता. मी दारात उभी राहून ऐकली. तुमच्या गोष्टीत तो परत येणार होता. म्हटलं, राहू दे तिथे तरी."

सुरी खाली ठेवून तिने डोळे पुसले. कांदा नव्हता, दुधी होता.

"या माणसाला पहिल्या रात्रीच हाकलणार होते. सकाळी बघते तर बिजागऱ्यांना तेल घालत बसलेला. मला म्हणाला, पोरी, तू नीट जेवली नाहीस काल. मला 'पोरी' म्हणणारं आता कोण आहे सांगा? तुम्ही काय करायचं ते ठरवा. पण मला विचाराल, तर तो मला हवाय."

बुधवार, १९ तारीख

काय करायचं ते ठरवलं. सोपं आहे आणि अवघड पण.

मामांना दुकानात बोलावलं आणि दोन्ही ठसे समोर ठेवले. त्यांनी पळायचा प्रयत्न केला नाही. म्हणाले, "तुमची वही तिसऱ्या दिवसापासून वाचतोय, जावईबापू. गोणीमागे ओली होतेय, जागा बदला." मग म्हणाले, "एकवीस वर्षं मी इतरांच्या घरात कान लावला. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही बोललात तशी वीस मिनिटं कुणी मला उद्देशून बोललं नव्हतं. दात करायला यायचंच होतं. राहायला नव्हतं यायचं. तुमच्या दारात उभा राहिलो आणि तोंडातून आपसूक 'मामा' निघून गेलं."

२३१६ हातोडीने फोडला, पूड केली, गोणीत टाकली. नवा ठसा कवळी झाल्यावर फोडणार.

मग मेणात दात बसवायला घेतले. आणि इथे माझी खरी परीक्षा झाली. डावीकडचा दुसरा दात. हात आपोआप तिरका बसवतो. काढला, सरळ बसवला. परत बघतो तर तिरका. चार वेळा असं झालं. शेवटी पट्टी लावून बसवला. सगळे दात एका रेषेत, शाळेतली मुलं कवायतीला उभी केल्यासारखे. तीस वर्षांतलं सगळ्यात भिकार काम. कुणीही शपथेवर सांगेल की हे माझं नाही.

रविवार, २३ तारीख

साहेब आणि बाई पाचला आले. साहेबांची नवी कवळी मी आधीच पोचवली होती, शीळ गेली होती. त्यामुळे बोलणं आणखीच कडक वाटत होतं.

"ठसा?"

मी ठसा पुढे केला. खाली २३१६ कोरलेलं, माझ्याच अक्षरात. कोरलेलं मात्र कालच. ठसा होता तेरा तारखेचा, साहेबांचा स्वतःचा.

साहेबांनी तो हातात घेतला, खिडकीपाशी नेला, उलटसुलट करून पाहिला. "बघा बाई," म्हणाले, "नुसती टाळू बघूनच कळतं. या वळ्या बघा कशा आहेत. नालायक माणसाची टाळू."

बाई म्हणाल्या, "हो साहेब." मी जिभेला चावा घेऊन बसलो.

मामांनी न सांगता कवळी काढून समोर ठेवली आणि तोंड उघडलं. बॅटरी मी धरली. एकेक वळी मोजून दाखवली. ठशात उजवीकडे चार, इथे तीन. कुठेच जुळेना, आणि त्यात मी एकही शब्द खोटा बोललो नाही. बाईंनी कवळी हातात घेतली. डावीकडच्या दुसऱ्या दातावर बोट ठेवलं. सरळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  बाईंची ती नजर मला कळली नाही, पण त्या एवढंच म्हणाल्या, "काम काही खास नाही."

"बाहेर केलेली आहे," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा शिवी ऐकून बरं वाटलं.

हिने मामांच्या हातात सफरचंद दिलं. त्यांनी कवळी घातली आणि कडकन चावा घेतला. सगळे त्या आवाजाकडे बघत राहिले. साहेबांनी चहा संपवला आणि ठसा रुमालात गुंडाळून नेला. जाताना म्हणाले, आता खात्यातल्या प्रत्येकाची टाळू तपासणार. सुरुवात स्वतःपासून करणार, म्हणजे इतरांना उदाहरण राहील.

गुरुवार, २७ तारीख

बाई आल्या होत्या. आज छत्री नव्हती, आणि पाऊस होता.

साहेबांनी खरंच पहिलं माप स्वतःचं दिलं. ते २३१६शी तंतोतंत जुळलं. दोन दिवस त्यांची चौकशी झाली, मग सगळ्यांच्या लक्षात आलं की एकच माणूस एकाच वेळी खुर्चीत बसून स्वतःला शोधू शकत नाही. पण फाईलमध्ये आता साहेबांचा जबडा आहे. ती फाईल वर पाठवायची कुणाची छाती नाही. म्हणून ती बंद केली, कायमची. साहेबांनी मुदतीआधी निवृत्ती मागितली आहे.

"त्यांच्या जागी कोण येणार?" मी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. सुंदर दात, पण वरच्या दाढेकडे लक्ष द्यायला हवं. दारात थांबून म्हणाल्या, "मामांना विचारा, सूप सोडलं का?"

त्या गेल्यावर मला दहा मिनिटं दातखीळ बसली होती.

रविवार, ३० तारीख

सकाळी मामा बॅग घेऊन दारात उभे. दार वाजलं नाही, बिजागऱ्यांना त्यांचंच तेल. पण ही आधीच उंबऱ्यावर बसली होती. गेले चार दिवस रोज पहाटे बसायची, हे मला आज कळलं.

"फाईल बंद झाली, पोरी," ते म्हणाले. "दातही मिळाले. आता तुमच्यावर ओझं कशाला?"

"मामा, बॅग आत ठेव," ही म्हणाली. "तू कुठेही जायचं नाहीस. दहा वाजता आपल्याला बाहेर जायचंय."

आज पहिल्यांदा तिने त्यांना अरे-तुरे केलं. मामांनी बॅग खाली ठेवली. हसायला गेले, रुमाल काढायला हात खिशात गेला, मग आठवलं की आता लागत नाही. ते सगळे सरळ दात दिसले. अतिशय वाईट दिसतात. आता धोका नाही, पुढच्या आठवड्यात एक तिरका करून देणार आहे.

दहाला दोघं बाहेर गेले आणि बाराला कुत्रा घेऊन आले. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, आल्या आल्या भुंकायला लागला. मी म्हटलं, याचं नाव काय ठेवायचं?

मामांनी हिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेच ठेवू. जुनंच."